एक पावती आणि दोन दावे : मुलांचे शुल्क, आई-वडिलांचा विमा आणि आयकर





दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात शाळेच्या कार्यालयात एक मागणी हमखास येते : "शुल्काचे प्रमाणपत्र दोन प्रतींत द्या, एक माझ्या ऑफिसला आणि एक हिच्या ऑफिसला." आई आणि बाबा दोघेही नोकरी करतात, दोघांच्याही पगारातून कर कापला जातो, आणि मूल तर दोघांचे आहे. त्यामुळे पावती दोघांनी लावली तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. त्यात लबाडीचा हेतू असतोच असे नाही. परंतु एकाच रकमेवर दोन जणांनी सवलत घेणे कायद्यात बसत नाही, आणि आता ते लपूनही राहत नाही. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. आम्ही कर-सल्लागार नाही. पण शुल्काची पावती आमच्या हातून निघते, तेव्हा तिचा योग्य उपयोग काय हे सांगणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

मूळ तत्त्व

आपल्या देशाच्या आयकर कायद्यात मूल "कोणाच्या नावावर" असा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न असतो तो पैसे कोणी भरले हा. जो भरतो, तो सवलत मागतो, आणि जेवढे भरले तेवढ्याचीच मागतो. दोघांनी मिळून मागितलेली रक्कम पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर घरातले निम्मे वाद तिथेच मिटतात.

आधी हे पाहा : जुनी पद्धत की नवी?

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धत ही मूळ पद्धत झाली आहे. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत कलम ८०-सी (शुल्क, भविष्य निर्वाह निधी, विमा हप्ता इत्यादी) आणि ८०-डी (आरोग्य विमा) या सवलती मिळत नाहीत. त्याऐवजी दर कमी आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर पडत नाही, आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते.

याचा अर्थ असा की आई-बाबा दोघेही नव्या पद्धतीत असतील तर शुल्काच्या पावतीवरून भांडण्याचे कारणच उरत नाही, कारण ती कोणाच्याच कामाची नाही. एक जण जुन्या पद्धतीत आणि दुसरा नव्या पद्धतीत असेल, तर शुल्क जुन्या पद्धतीतल्या व्यक्तीने भरावे. मात्र हे वर्षाच्या सुरुवातीला, शुल्क भरण्यापूर्वी ठरवावे. मार्चमध्ये येऊन "पावतीवरचे नाव बदला" म्हणून चालत नाही.

(आयकर अधिनियम २०२५ चा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत : ८०-सी चे १२३ आणि ८०-डी चे १२६. सर्वांना जुने क्रमांक पाठ आहेत, म्हणून या लेखात तेच वापरले आहेत.)

शाळेचे शुल्क : काय मोजते, काय नाही

८०-सी खाली भारतातील शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठ यांना पूर्णवेळ शिक्षणासाठी दिलेले शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, धरले जाते. विकास शुल्क, देणगी किंवा तशा स्वरूपाची रक्कम धरली जात नाही. बसभाडे, वसतिगृह, विलंब शुल्क, गणवेश, सहल हेही शिक्षण शुल्क नव्हे.

समजा एका विद्यार्थ्याचे वर्षाचे एकूण ४२,००० रुपये भरले. त्यात शिक्षण शुल्क ३०,०००, विकास शुल्क ५,०००, बस ६,००० आणि स्नेहसंमेलन वगैरे १,०००. सवलतीसाठी आकडा आहे फक्त ३०,०००. अनेक पालक सरळ ४२,००० लिहून मोकळे होतात. आमच्या पावतीवर प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत असते ती याचसाठी.

आणखी चार गोष्टी :

१. ८०-सी मधील सर्व बाबी मिळून मर्यादा १,५०,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी आणि विमा यांतच ती भरत असेल तर शुल्काची पावती लावून काही उपयोग नाही. अशा वेळी ज्याची मर्यादा शिल्लक आहे त्याने शुल्क भरावे.

२. सवलत प्रत्येक पालकाला जास्तीत जास्त दोन मुलांसाठी आहे. तीन मुले असतील तर बाबांनी दोघांचे आणि आईने तिसऱ्याचे शुल्क भरले तर चालते.

३. एकाच मुलाचे शुल्क दोघांनी वाटून भरले तरी चालते. वरच्या उदाहरणात पहिल्या सहामाहीचे १५,००० आईने आणि दुसरीचे १५,००० बाबांनी भरले, तर प्रत्येकाने आपापले १५,००० दाखवावे. दोघांनीही ३०,००० दाखवले तर मात्र तो दुहेरी दावा झाला.

४. वर्ष ठरते ते पैसे भरल्याच्या तारखेवरून. एप्रिलच्या सत्राचे शुल्क २८ मार्चला भरले तर ते मागच्या आर्थिक वर्षात गेले. एकाने मार्चच्या हिशेबात आणि दुसऱ्याने एप्रिलच्या हिशेबात तीच पावती लावणे, हीही एक नेहमीची गफलत आहे.

संयुक्त खात्यातून शुल्क भरले असेल तर पती-पत्नींनी आपसांत ठरवून एकाच्या नावाने पावती घ्यावी, किंवा वाटणी कशी केली हे कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवावे.

आजोबा, काका आणि मामा

आपल्या समाजात नातवंडांचे शुल्क आजोबांनी भरणे ही जुनी आणि सुंदर रीत आहे. पण ८०-सी मध्ये "स्वतःची मुले" हे शब्द आहेत. सावत्र आणि दत्तक मुले त्यात येतात, नातवंडे येत नाहीत. म्हणून आजोबांनी थेट भरले तर आजोबांना सवलत नाही, आणि पैसे आपण न भरल्यामुळे आई-बाबांनाही ती मागता येत नाही. ती कोणालाच मिळत नाही. यावर सरळ उपाय आहे. आजोबांनी पैसे आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात द्यावेत आणि त्यांनी शुल्क भरावे. वडिलांनी मुलाला दिलेल्या अशा रकमेवर आयकर लागत नाही.

लहान गावांतून शिकायला आलेली आमची काही मुले काका-मामांकडे राहतात. त्यांना जेवू-खाऊ घालणारे, अभ्यास घेणारे, शुल्क भरणारे सगळे मामाच असतात. तरीही ८०-सी ची सवलत मामांना मिळत नाही. याचे वाईट वाटते, पण नियम तसा आहे. संयुक्त कुटुंबाच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, खात्यातून भरलेल्या शुल्काचेही तसेच आहे. सवलत व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही.

उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा (कलम ८०-ई) नियम मात्र थोडा वेगळा आहे. तिथे कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि जो व्याज फेडतो त्याला सवलत आहे. कर्ज स्वतःसाठी, जोडीदारासाठी, मुलांसाठी किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत त्या विद्यार्थ्यासाठी घेतलेले असावे. बारावीच्या पालकांनी हे कर्ज घेतानाच ध्यानात घ्यावे. कर्ज मुलीच्या नावावर आणि व्याज बाबांच्या खात्यातून, असे झाले की दोघांचीही अडचण होते.

आई-बाबा वेगळे राहत असतील तर

हा नाजूक विषय आहे, पण टाळून चालणार नाही. अशा घरांतून कधी कधी दोन्ही बाजूंनी वेगवेगळे अर्ज येतात, आणि दोघांनाही पूर्ण शुल्काचे प्रमाणपत्र हवे असते. शाळा कोणाची बाजू घेत नाही, आणि घ्यायचीही नाही. ज्याच्याकडून जेवढी रक्कम आमच्या खात्यात आली, त्याच्या नावाने तेवढ्याच रकमेचे प्रमाणपत्र मिळेल. मूल कोणाजवळ राहते यावर शुल्काची सवलत ठरत नाही. ती भरण्यावरच ठरते.

आमची एकच विनंती आहे. हे कागद नेण्या-आणण्यासाठी मुलांना पाठवू नका. आई-बाबांचा हिशेब मुलाच्या दप्तरातून गेला की तो मुलाच्या मनावरही जातो. कार्यालयात स्वतः या, किंवा चिठ्ठी द्या. आपली गोष्ट बाहेर जाणार नाही.

आजी-आजोबांचा आरोग्य विमा : भावंडांमधला प्रश्न

दुसरा नेहमीचा वाद भावाभावांत आणि बहीण-भावांत होतो. कलम ८०-डी खाली स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्य विम्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत, आणि आई-वडिलांसाठी वेगळी २५,००० पर्यंत वजावट आहे. आई-वडील ज्येष्ठ नागरिक (६० वर्षे वा अधिक) असतील तर त्यांच्यासाठीची मर्यादा ५०,००० आहे. ज्येष्ठांचा विमाच नसेल तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही याच मर्यादेत धरता येतो. विम्याचा हप्ता रोख भरलेला चालत नाही. फक्त प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत रोख चालतात, आणि तेही याच मर्यादेच्या आत.

इथे तीन गोष्टी पुष्कळांना माहीत नसतात.

पहिली, आई-वडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट ८०-डी मध्ये नाही. वडिलांना पेन्शन असली तरी मुलाने भरलेला हप्ता चालतो.

दुसरी, लग्न झालेल्या मुलीला आपल्या आई-वडिलांसाठी ही सवलत मुलाइतकीच मिळते. मात्र सासू-सासऱ्यांसाठी सुनेला किंवा जावयाला मिळत नाही. सासऱ्यांचा हप्ता सूनबाईंच्या खात्यातून भरला जात असेल तर तो मुलाच्या खात्यातून भरावा.

तिसरी, भावंडे वाटून भरू शकतात. समजा आई-बाबांचा हप्ता ४८,००० आहे. इथल्या भावाने २८,००० आणि पुण्याच्या बहिणीने २०,००० भरले, तर दोघांनी आपापला भाग दाखवावा. दोघांनीही ४८,००० दाखवू नयेत. त्याहून सोपे म्हणजे आई आणि बाबा यांच्या दोन वेगळ्या पॉलिसी घेऊन एकीचा हप्ता भावाने आणि दुसरीचा बहिणीने भरावा. मग कागदही स्वच्छ राहतात आणि मनेही.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी

दिव्यांग मुलाचा किंवा अवलंबून असलेल्या दिव्यांग जोडीदाराचा, आई-वडिलांचा, भावा-बहिणीचा सांभाळ व उपचार करणाऱ्याला जुन्या पद्धतीत कलम ८०-डीडी खाली ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची ठरावीक वजावट आहे. प्रत्यक्ष खर्च कमी असला तरी रक्कम हीच. तिच्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि त्याची मुदत संपली असेल तर नवे काढावे लागते.

इथे आपसांत टक्कर होते ती अशी. स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याला कलम ८०-यू खाली स्वतःसाठी तेवढीच वजावट आहे. मुलगा मोठा होऊन कमावू लागला आणि त्याने ८०-यू घेतले, तर त्याच वर्षी त्याच्यासाठी बाबांना ८०-डीडी मिळत नाही. आमचा सल्ला असा की पहिल्या पगाराच्या वर्षीच बाप-लेकांनी बसून कोण घेणार हे ठरवावे. आई-बाबा दोघेही करदाते असतील तर मुलासाठीचा दावा दोघांपैकी एकानेच करावा.

उलटा प्रश्न : मुलाचे उत्पन्न कोणाच्या माथी?

आतापर्यंत सवलत कोणी घ्यायची ते पाहिले. आता कर कोणी द्यायचा ते पाहू. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाच्या नावावरच्या मुदत ठेवीचे व्याज आई किंवा बाबा यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. कोणाच्या, हे आपल्या सोयीवर नाही. दोघांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या. हा हिशेब मुलाचे उत्पन्न बाजूला ठेवून करायचा. विवाह टिकलेला नसेल तर जो त्या वर्षी मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात ते जाते. एकदा ज्याच्या उत्पन्नात मिळवले, त्याच्याच उत्पन्नात पुढेही चालू राहते. ते आपल्या मनाने दरवर्षी फिरवता येत नाही.

उदाहरण : आजीने नातीच्या नावाने ठेव ठेवली, वर्षाचे व्याज १४,००० रुपये. आईचे उत्पन्न ९ लाख, बाबांचे ७ लाख. व्याज आईच्या विवरणात जाईल, बँकेत पालक म्हणून बाबांची सही असली तरी. जुन्या पद्धतीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपये यातून सुटतात.

मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने, कलेने किंवा कौशल्याने मिळवलेले पैसे मात्र त्याचे स्वतःचेच उत्पन्न असते. आणि शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही. आमच्या गुणवंतांनी निश्चिंत असावे.

अमेरिकेतील माजी विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

आमचे अनेक माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत आणि त्यांचे आई-वडील हा अंक वाचतात. तिकडची रचना वेगळी आहे. आपल्याकडे भरलेला पैसा मोजतात, तिकडे माणूस मोजतात. एक अवलंबित व्यक्ती एकाच विवरणात दाखवता येते. एका मुलावर दोघांनी दावा केला तर क्रम ठरलेला आहे : आजी-आजोबा, काका यांच्याआधी आई किंवा बाबा. आई-बाबा वेगवेगळे विवरण भरत असतील तर ज्याच्याजवळ मूल वर्षात जास्त काळ राहिले तो. दोघांजवळ सारखेच राहिले असेल तर ज्याचे उत्पन्न जास्त तो. विभक्त पालकांत, ज्याच्याजवळ मूल राहते तो फॉर्म ८३३२ भरून दुसऱ्याला मुलासंबंधीची काही सवलत देऊ शकतो.

आणि एक महत्त्वाचे. भारतात राहणारे भारतीय नागरिक असलेले आई-वडील, मुलगा दरमहा पैसे पाठवत असला तरी, तिकडच्या विवरणात अवलंबित म्हणून दाखवता येत नाहीत. त्यासाठी ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी असावी लागते.

दोघांनीही दावा केलाच असेल तर?

पूर्वी दोन कार्यालयांना एकमेकांचे कागद दिसत नसत, त्यामुळे ही गोष्ट उघडकीस येत नसे. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रांपासून ८०-सी साठी पॉलिसीचा किंवा कागदाचा क्रमांक आणि ८०-डी साठी विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक द्यावा लागतो. एकच क्रमांक दोन पॅनखाली आला तर तो ओळखणे संगणकाला अवघड नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभर १५० ठिकाणी तपासणी सुरू केली होती, हेही वर्तमानपत्रांतून आपण वाचले असेल.

हिशेब पाहा. ३०,००० चा दुहेरी दावा, २० टक्क्यांचा दर. वाचलेला कर उपकरासह ६,२४०. पकडले गेल्यास हा कर व त्यावर व्याज, शिवाय उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्या कराच्या ५० टक्के दंड, आणि माहिती खोटी दिल्याचे ठरल्यास २०० टक्के, म्हणजे १२,४८०.

म्हणून चूक लक्षात आल्यास नोटिशीची वाट पाहू नये. दोघांपैकी एकाने (ज्याने पैसे भरलेले नाहीत त्याने) मुदतीत सुधारित विवरण भरून दावा मागे घ्यावा. ती मुदत गेली असेल तर अद्ययावत विवरणाची सोय आहे. ती २०२२ मध्ये आली आणि २०२५ मध्ये तिची मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. त्यात कर व व्याज यांवर, जितका उशीर तितका, २५ ते ७० टक्के जादा भार पडतो. म्हणून लवकर केलेले बरे.

आमच्या कार्यालयाची पद्धत

१. पावती शुल्क भरणाऱ्याच्या नावाने निघेल. भरतानाच नाव स्पष्ट सांगावे.

२. मूळ पावती एकच. हरवल्यास अर्ज केल्यावर "दुसरी प्रत" असा शिक्का मारून प्रत मिळेल.

३. वार्षिक प्रमाणपत्रात कोणी, कोणत्या तारखेला, किती शिक्षण शुल्क भरले हे लिहिलेले असेल. दोघांनी भरले असल्यास दोन वेगळी प्रमाणपत्रे, आपापल्या रकमेची.

४. वर्ष संपल्यावर पावतीवरचे नाव बदलून मिळणार नाही. कार्यालयातील बाबूंना त्यासाठी आग्रह करू नये.

विश्वस्त मंडळाच्या सदस्यांनाही विनंती की ओळखीच्या पालकांसाठी शिफारस करू नये. एका घरासाठी नियम वाकवला की तो सर्वांसाठी वाकतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी तीन प्रश्न

(सर्व जण जुन्या करपद्धतीत आहेत असे समजावे.)

अ) आईने शिक्षण शुल्काचे १८,००० आणि बाबांनी १२,००० भरले. दोघांचीही ८०-सी ची मर्यादा शिल्लक आहे. कोणी किती दाखवावे?

आ) आजोबांनी नातवाचे २५,००० शुल्क स्वतःच्या चेकने भरले. सवलत कोणाला?

इ) सासूबाईंच्या विम्याचे २०,००० सुनेने भरले. सुनेला ८०-डी मिळेल का?

उत्तरे : अ) आईने १८,०००, बाबांनी १२,०००. आ) कोणालाच नाही. इ) नाही, मुलाने भरले असते तर त्याला मिळाले असते.

हे प्रश्न घरी जेवताना आई-बाबांना विचारा. एप्रिल महिना त्यासाठी सर्वांत चांगला, कारण तेव्हा वर्ष सुरू होत असते आणि सगळे ठरवणे आपल्या हातात असते. ज्यांची आकडेमोड गुंतागुंतीची आहे त्यांनी आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला अवश्य घ्यावा.



प्राचार्य